दहा राग आणि खाली नसलेला ठेका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

चरणजित सिंग यांच्या 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' या १९८२ सालच्या तबकडीवर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला आणि पुढचे दोन आठवडे त्यावर वाचकांची पत्रे येत राहिली. ती सर्व मी वाचली. गेली सव्वीस वर्षे मी गोरेगावात हार्मोनियम शिकवतो आणि गायकांना साथ करतो, त्यामुळे या तबकडीकडे मी राग आणि ठेका या दोनच बाजूंनी पाहू शकतो. मात्र पत्रांमध्ये नेमक्या याच दोन बाजू राहून गेल्या आहेत असे वाटल्याने हे लिहीत आहे.

चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक होते. राहुल देव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांच्या रेकॉर्डिंगला बास गिटार आणि कीबोर्ड वाजवणे हा त्यांचा रोजचा व्यवसाय होता. त्या काळात नवीनच बाजारात आलेली रोलँड कंपनीची तीन यंत्रे त्यांच्या हाती आली : ताल देणारे टीआर-८०८, खर्जातली सुरावट फिरवणारे टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. ही तीन यंत्रे एकमेकांना जोडून त्यांनी ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस असे दहा राग प्रत्येकी जवळपास पाच मिनिटांत वाजवले. एचएमव्हीने तबकडी काढली, पण ती चालली नाही आणि लोक ती विसरून गेले. २०१० साली एका डच संग्राहकाने तिचे पुनर्प्रकाशन केल्यावर युरोपातल्या श्रोत्यांनी ती डोक्यावर घेतली. काहींना तर हा कोणीतरी आजच्या काळात केलेला बनाव वाटला, इतके तिचे ध्वनी त्यांना पुढच्या काळातले वाटत होते. सत्तरी ओलांडलेल्या सिंग यांना त्यानंतर परदेशातल्या मंचांवर हे संगीत प्रत्यक्ष वाजवता आले, ही मला अतिशय समाधानाची गोष्ट वाटते. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा सूर अभिमानाचा आहे. शिकागोच्या फ्युचर या गटाची 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी १९८७ साली आली, ॲसिड हाउस हा नाचघरातल्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रकार तिच्यापासून सुरू झाला असे मानले जाते, आणि आमच्या मुंबईच्या माणसाने तेच पाच वर्षे आधी केले होते, असा तो युक्तिवाद आहे. तारखा बरोबर आहेत, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. शिकागोच्या त्या तरुणांनी बाजारात न चाललेले ३०३ यंत्र स्वस्तात मिळवले आणि त्याच्या खुंट्या चालू वादनात पिळून एक नवा किरकिरता, ओलसर आवाज काढला. त्यांना सिंग यांची तबकडी ठाऊक नव्हती आणि सिंग यांना नाचघरासाठी नवा प्रकार काढायचा नव्हता. एकच यंत्र दोन ठिकाणी दोन वेगळ्या गरजांसाठी वापरले गेले, इतकेच. आपल्या माणसाचा मोठेपणा शिकागोच्या दिनदर्शिकेवरून ठरवायचा, तर त्याने वाजवलेला मालकंस ऐकायची गरजच उरत नाही, आणि माझे दुःख हेच आहे की अभिमानाने लिहिणाऱ्या एकाही पत्रात एकाही रागाबद्दल वाक्य नाही.

दुसऱ्या बाजूच्या पत्रांत राग बिघडवल्याची तक्रार आहे : यंत्रात मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) नाही, श्रुती (स्वरांमधल्या सूक्ष्म जागा) नाहीत, म्हणून राग नाही. हार्मोनियमवादकाला हे शब्द फार ओळखीचे आहेत. याच कारणांसाठी आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीस वर्षे हार्मोनियमला दार बंद ठेवले होते, आणि त्याच काळात आपल्या नाट्यसंगीताला पायपेटीवाचून उभे राहणे शक्य नव्हते. परदेशातून आलेल्या पेटीवर गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताने काय करून दाखवले, हे मराठी रसिकाला सांगायला नको. आज ज्यांच्या घरी मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर रोज रियाज होतो, त्यांनी विजेवर चालणाऱ्या वाद्याला केवळ ते विजेवर चालते म्हणून नाकारणे मला न्याय्य वाटत नाही.

तरीही तक्रार तपासून पाहावी म्हणून मी एका सकाळी हेडफोन लावून, पेटी समोर घेऊन, तबकडीतला षड्ज (सा) शोधून सोबत वाजवत बसलो. ललतमध्ये दोन्ही मध्यम (शुद्ध आणि तीव्र म) लागोपाठ येतात आणि पंचम (प) वर्ज्य असतो. नवशिक्या विद्यार्थ्याचे बोट तिथे हटकून पंचमावर जाते. सिंग यांचे बोट जात नाही. ज्युपिटर-८वर स्वर वाकवण्यासाठी डाव्या हाताला एक दांडी असते आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचीही सोय असते. म्हणजे मींड घेण्याच्या बाबतीत त्यांचे वाद्य माझ्या पेटीपेक्षा कितीतरी समर्थ होते आणि त्यांनी त्याचा उपयोग करून घेतला आहे. खालच्या सप्तकात ३०३ सतत तीच छोटी सुरावट फिरवत राहते. पाश्चात्त्य गाण्यातल्यासारखे कॉर्ड बदलत नाहीत, त्यामुळे तिचे काम बरेचसे तानपुऱ्याचे होते. या यंत्रात एकेक स्वर क्रमाने भरावा लागतो आणि कोणता स्वर पुढच्या स्वरावर घसरत जाईल हे आधीच ठरवून द्यावे लागते. मात्र ती घसरण नेहमी तेवढ्याच वेळात पूर्ण होते, लांब मींड असो वा छोटी. गळा असे कधी करत नाही, आणि खर्जातला तो यांत्रिकपणा कानाला जाणवतो. तोडीत तर मला उणीव स्पष्टच दिसते. तिथल्या कोमल गंधाराला पट्टीवरच्या गंधारापेक्षा खाली, आंदोलित अवस्थेत राहायचे असते, आणि कीबोर्डवर तो उघडा पडतो. माझ्या पेटीवरही तो असाच उघडा पडतो, हे मी मान्य करतो. मालकंस आणि कलावती मात्र मला पूर्णपणे पटले.

मग ऐकणाऱ्याला खटकते ते नेमके काय? याचे उत्तर मला माझ्या वर्गात मिळाले. शनिवारच्या तुकडीला मी यमन ऐकवला. मागच्या रांगेतली एक मुलगी सवयीने हातावर तीनताल धरू लागली, दोन आवर्तनांनंतर थांबली आणि म्हणाली, "सर, खाली कुठे टाकायची?" खाली म्हणजे तालात टाळी न देता हात बाजूला टाकायची जागा. मी पुन्हा लावले आणि आम्ही सर्वांनी मिळून शोधले. खाली सापडली नाही, कारण ती नाहीच. ३०३ आणि ८०८ या यंत्रांचा एक फेरा सोळा घरांचा असतो, तीनतालही सोळा मात्रांचा, त्यामुळे हात आपोआप टाळी धरू लागतो. पण तबल्यात नवव्या मात्रेला खाली येते, तिच्यापाठोपाठ डग्ग्याची घुमक बंद होते, ठेका हलका होतो आणि पुढे सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येणार आहे हे शरीराला कळते. डिस्कोचा ठोका दर चार घरांनी सारख्याच वजनाने पडतो, त्यामुळे रागातली फिरत (स्वरांचा विस्तार) सुरू असतानाही आपण नक्की कुठे पोहोचलो याची खूण मिळत नाही. तबला बाजूला ठेवायचा हा सिंग यांचा जाणूनबुजून घेतलेला निर्णय होता, तो त्यांनी नंतर मुलाखतींतही सांगितला आहे. आपल्या श्रोत्याची अस्वस्थता खरी आहे, परंतु तिचा दोष रागावर टाकला जातो, आणि राग तर बहुतांशी शाबूत आहे. नाचघरातल्या श्रोत्याला मुळात समेची वाट पाहायची सवय नसते, म्हणून त्याला हेच संगीत विनाअडथळा भावते.

वर्गातल्या दोन मुलांनी पुढच्या शनिवारी त्याच यमनवर तबला धरून पाहिला. खाली त्यांनी स्वतः घातली. ध्वनिमुद्रणात सिंग यांचे वादन जराही बदललेले नव्हते, पण खोलीतल्या सगळ्यांनी समेवर मान हलवली.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे की या तबकडीवर पुन्हा लिहून घ्याल तेव्हा एखाद्या तबलावादकाकडूनही लिहून घ्यावे. शिवाय त्या काळात ताडदेव, महालक्ष्मी, वांद्रे येथील स्टुडिओंतून सिंग यांच्या शेजारी बसून वाजवणारे काही वादक आजही या शहरात आहेत. ही यंत्रे प्रथम पाहिली तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांना काय वाटले, रेकॉर्डिंगच्या मधल्या वेळेत सिंग त्यावर काय वाजवत असत, हे ते अजून सांगू शकतील. आपल्या प्रतिनिधीने त्यांच्याकडे जाऊन बसावे. त्यांची वये लक्षात घेता हे काम या वर्षीच व्हावे.

आपला विश्वासू,
एक हार्मोनियमवादक वाचक
गोरेगाव (पूर्व), मुंबई