नव्या विमानाची बातमी नेमक्या कोणत्या पायरीवर आहे, तेही छापा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

एखादी भारतीय विमान कंपनी लांब पल्ल्याचे नव्या प्रकारचे विमान घेणार असल्याची कुणकुण लागली की वर्तमानपत्रांत ‘आता मुंबईहून थेट’ अशा थाटाचे मथळे येऊ लागतात आणि त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीतला कोणी ना कोणी दारात येऊन विचारतो, ‘काका, आता मोठी भरती निघणार ना?’ विमानांच्या देखभालीत ३३ वर्षे काढून निवृत्त झालेला अभियंता म्हणून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की अखेर हे पत्र लिहायला बसलो. माझी विनंती साधी आहे. अशी बातमी अजून बोलण्यांच्या पायरीवर आहे, सामंजस्य करार झाला आहे, पक्की मागणी नोंदवली आहे, की विमान खरोखर ताब्यात आले आहे, हे बातमीच्या पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहावे.

इंडिगोचे उदाहरण घेऊ. मधोमध एकच वाट असलेल्या छोट्या विमानांवर वाढलेली ही कंपनी मोठी विमाने घेणार, ही चर्चा कित्येक वर्षे चालली होती. एप्रिल २०२४ मध्ये तिने ३० एअरबस ए३५०-९०० विमानांची मागणी जाहीर केली आणि आणखी ७० घेण्याचा हक्क राखून ठेवला. त्या ७० पैकी ३० विमानांसाठी जून २०२५ मध्ये सामंजस्य करार झाला आणि त्याचे पक्क्या मागणीत रूपांतर व्हायला त्या वर्षीचा ऑक्टोबर उजाडला. विमाने २०२७ पासून येऊ लागतील, असे कंपनीने पहिल्या घोषणेच्या वेळीच सांगितले होते. तरीही मागणी ३० ची आणि हक्क ७० चा, हा फरक घाईने मथळा वाचणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. त्याच्या मनात त्याच दिवशी १०० विमाने उभी राहतात.

जुलै २०२५ मध्ये इंडिगोची मुंबईहून मँचेस्टर आणि अ‍ॅमस्टरडॅमची उड्डाणे सुरू झाली, ती नॉर्स अटलांटिक या नॉर्वेच्या कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या बोइंग ७८७-९ विमानांनी. या व्यवस्थेला आमच्या धंद्यात ‘डॅम्प लीज’ म्हणतात. तीत विमान, वैमानिक आणि देखभाल मालकाची असते, आणि केबिनमधले कर्मचारी बहुतांशी भाडेकरू कंपनीचे. प्रवाशाला याचा लाभ होतो, यात शंका नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला निघालेल्या, गुडघे दुखणाऱ्या आईला मध्यरात्री दोहा किंवा दुबईच्या विमानतळावर विमान बदलावे लागत नाही, ही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु असे विमान आले म्हणून इथल्या वैमानिकाला किंवा अभियंत्याला लगेच काम मिळते, असे होत नाही. बातमीत ‘भाडेकरार’ हा शब्द असतो, पण त्याचा हा अर्थ कोणी उलगडून सांगत नाही.

विमान विकत घेतले तरी पुढची वाट लांबच असते. एअर इंडिया मोठी खरेदी करणार, ही कुजबुज २०२२ च्या अखेरीस सुरू झाली आणि १४ फेब्रुवारी २०२३ रोजी ४७० विमानांची घोषणा झाली. त्यातले पहिले ए३५० डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीत उतरले. मुळात रशियाच्या एअरोफ्लोटसाठी बांधलेली आणि निर्बंधांमुळे अडकून पडलेली विमाने मिळाली, म्हणूनच ते इतक्या लवकर आले. जानेवारी २०२४ मध्ये ते प्रवासी घेऊन उडू लागले ते बंगळूर-मुंबईसारख्या देशांतर्गत मार्गांवर. पंधरा तास उडू शकणारे विमान दीड-दोन तासांच्या फेऱ्यांत का अडकवले, असे तेव्हा अनेकांनी मला विचारले होते. लंडन गाठताना दिवसाकाठी एकच उतरणे होते, आणि बंगळूर-मुंबई अशा फेऱ्या मारल्या की चार-चार होतात. नव्या विमानाशी वैमानिकांचा हात बसायला हाच मार्ग जलद असतो. दिल्ली-लंडन मार्गावर ते सप्टेंबर २०२४ मध्ये गेले. तयार विमाने हाती असूनही घोषणेपासून लंडनपर्यंत दीड वर्ष लागले, हे लक्षात घ्यावे.

हँगरमध्ये या काळात काय चालते, ते मी जवळून पाहिले आहे. नवा प्रकार येणार हे ठरले की वीस-वीस वर्षे अनुभव असलेले अभियंतेही पुन्हा वर्गात जाऊन बसतात, कारण परवान्यावर त्या विशिष्ट विमानाची आणि त्याच्या इंजिनाची नोंद झाल्याशिवाय ‘हे विमान उड्डाणास योग्य आहे’ या ओळीखाली सही करता येत नाही. विमान तेच असले आणि इंजिन दुसऱ्या कंपनीचे असले तरी वेगळी नोंद लागते. ७८७ चे निम्मे वजन आणि ए३५० चे निम्म्याहून थोडे अधिक वजन कार्बन फायबरसारख्या संमिश्र पदार्थांचे असते, आणि त्याने आमच्या पिढीची सवयच मोडली. सामान चढवणाऱ्या गाडीचा धक्का लागला तर अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडतो आणि तो डोळ्यांना दिसतो. कार्बन फायबरचे कवच मात्र बाहेरून जसेच्या तसे दिसत असताना आतले थर सुटलेले असू शकतात. अशा जागी आम्ही आधी नाणे हातात घेऊन इंच-इंच ठोकत जात असू. नाद टणक आला तर पुढे जायचे, बद्द आला तर तिथे खडूने गोल करून ध्वनिलहरींचे यंत्र मागवायचे. तो बद्द नाद ओळखायला कान तयार व्हावा लागतो, आणि करारावर सही झाली म्हणून कान तयार होत नाही.

नव्या प्रकाराची बालपणीची दुखणीही असतात. एअर इंडियाचे पहिले ड्रीमलायनर, म्हणजे वर सांगितलेले बोइंग ७८७, सप्टेंबर २०१२ मध्ये आले आणि जानेवारी २०१३ मध्ये बॅटरीच्या दोषामुळे जगभरची ड्रीमलायनर विमाने जमिनीवर आली, तेव्हा एअर इंडियाची सहाही विमाने तीन-चार महिने उभी राहिली.

काही विमाने तर येतच नाहीत. किंगफिशरने २००५ मध्ये पाच ए३८० विमानांची मागणी नोंदवली होती. दुमजली विमान भारतीय कंपनीच्या रंगात दिसणार म्हणून केवढा गाजावाजा झाला होता! त्यातले एकही विमान कंपनीला मिळाले नाही आणि २०१२ मध्ये खुद्द कंपनीच थांबली. एअर इंडियाच्या मागणीत असलेले बोइंगचे ७७७एक्स हे विमान २०१३ मध्ये जाहीर झाले, तेव्हा ते २०२० मध्ये ग्राहकांच्या हाती पडायचे होते, आणि आज त्याची तारीख २०२७ पर्यंत घसरली आहे. कोणी फसवले म्हणून हे झाले, असे मी म्हणत नाही. विमान हा पदार्थच असा आहे की तो बांधणे, तपासणे आणि त्याला प्रमाणपत्र मिळवणे यात वर्षे जातात.

हे सगळे इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण माझ्यासमोर बसलेला एक माणूस आहे. सातारा जिल्ह्यातले आमचे एक परिचित गेल्या पावसाळ्यात मुलाला घेऊन आले होते. मुलगा हुशार आहे, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणितात उत्तम गुण आहेत. एका प्रशिक्षण संस्थेने त्यांना ‘लांब पल्ल्याची विमाने येत आहेत, हजारो वैमानिक लागणार आहेत’ असे सांगून पन्नास लाखांच्या घरातला खर्च पुढे ठेवला होता. वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले. वर जमिनीचा सातबारा होता आणि त्याच्या खाली चार घड्या घातलेले वर्तमानपत्राचे कात्रण, अशाच एका खरेदीच्या चर्चेचे. बँकेत कर्ज मागताना दाखवायला त्यांनी ते जपून ठेवले होते. बातमी खोटी नव्हती. मात्र ‘समजते’, ‘शक्यता आहे’ हे शब्द शेवटच्या ओळीत होते, आणि घडी नेमकी त्याच ओळीवर पडून ती पुसट झाली होती.

मी त्यांना सांगितले ते असे. लांब पल्ल्याच्या एका विमानाला वीसहून अधिक वैमानिक लागतात, हे खरे आहे. पण २०० तासांच्या उड्डाणावर व्यावसायिक परवाना मिळवलेल्या मुलाला त्या विमानात सहसा कोणी बसवत नाही. त्या जागा छोट्या विमानांवर अनुभव घेतलेल्यांकडे जातात आणि त्यांच्या मागे रिकाम्या झालेल्या जागा नवोदितांना मिळतात. हेही केव्हा, तर विमाने ठरल्या वेळी आली आणि कंपनी तग धरून राहिली तर. कप्तानपदासाठी लागणारा परवाना तर १,५०० तासांनंतरचा. एवढ्या काळात कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. आधी वैद्यकीय तपासणी करून घ्या, संस्थेतून गेल्या तीन वर्षांत परवाना मिळवलेल्या मुलांना प्रत्यक्ष भेटा, ती आज कुठे नोकरीला आहेत ते विचारा आणि मगच जमिनीचा विचार करा, एवढे मी हात जोडून सांगितले. मुलाचा चेहरा उतरला, त्याचे मला फार वाईट वाटले, कारण विमानाच्या ओढीनेच मीही या धंद्यात आलो होतो.

प्रवाशांच्या बाबतीतही हाच नियम लावावा. मोठ्या विमानाची चर्चा निघाली की ‘पुण्याहून थेट युरोप-अमेरिका’ अशी आशा लावली जाते. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे आणि तिची लांबी अडीच किलोमीटरच्या आसपास आहे. टाक्या काठोकाठ आणि सगळी आसने भरलेल्या मोठ्या विमानाला, त्यातही उन्हाळ्याच्या दुपारी, ती अपुरी पडते. विमान विकत घेतल्याने धावपट्टी लांबत नाही, हे वाक्य त्या बातमीत असायला हवे.

आपल्या वार्ताहरांना यात शब्दांची अडचण येत असेल, हे मी समजू शकतो. मागणी, हक्क, इरादा, भाडेकरार, ताबा हे शब्द कंपन्यांच्या पत्रकांत एकमेकांत मिसळलेले असतात आणि रात्री अंक लावताना ते निवडत बसायला वेळ नसतो. माझ्यासारखे निवृत्त अभियंते आणि वैमानिक विलेपार्ले, अंधेरी, कालिना या भागात पुष्कळ राहतात. अशी बातमी हाती आली की रात्री कितीही वाजता फोन करावा, आम्ही विनामोबदला समजावून सांगू. माझा दूरध्वनी क्रमांक पत्रासोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये.

आपला नम्र,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता,
विलेपार्ले, मुंबई