बाबा, फियाट कोल्हापूरला दिलीये

ती. आई-बाबा,
सा. न.

गुरुवारी दादाकडनं सांगलीला परत आलात की पोर्च रिकामं दिसेल, दारातच धस्स होऊ नये म्हणून आधीच लिहितेय. गाडी विकलेली नाही, भंगारात तर अजिबात नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिन कामाला दिलीये. बाबा, तुम्हाला न विचारता केलं हे चुकलंच माझं, पण विचारलं असतं तर "कशाला आता, राहू दे" म्हणाला असता, आणि २०१९ च्या ऑगस्टपासून मी तेच ऐकतेय. पुराचं पाणी चढलं तेव्हा तुम्ही आईला आणि शेजारच्या आजींना आधी बाहेर काढलंत, गाडी राहिली, बरोबरच केलंत. पण त्यानंतर तुम्ही एकदाही बॉनेट उघडलं नाहीत, ते मला बघवत नव्हतं.

मेकॅनिक असाच नाही हो धरला. आधी दोघांना दाखवली. एकाने न खोलताच रेट सांगितला, दुसरा म्हणाला मारुतीचं इंजिन बसवून देतो. आरसी बुकातला इंजिन नंबर मी कसा बदलू देईन? कोल्हापूरचे वस्ताद मात्र पैशाचं बोललेच नाहीत, आधी खोलू, मोजू, मग बघू म्हणाले, तिथंच माझं ठरलं. जाम झालेलं इंजिन त्यांनी ठोकलं नाही, प्लगच्या भोकातनं डिझेल सोडून पाच दिवस ठेवलं आणि मग फ्लायव्हीलला टॉमीचा दांडा लावून इंच इंच फिरवलं. हेड काढल्यावर दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरात गाळ निघाला, आतनं गंजाचे खड्डे. मग बोअर गेज लावून प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली, उभा-आडवा मोजून वहीत लिहिला. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिमी, तुम्ही ९६ साली वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवून घेतला होतात ना, आता चाळीसवर गेलं की गंज साफ निघतो. पिस्टन-रिंगा मुंबईहून येतायत. क्रँक दहा थाऊ ग्राइंड करून तिन्ही मेन बेअरिंग नवी, आणि बोअरिंगवाला, क्रँकवाला बाजूच्याच गल्लीत, त्यामुळे काम वस्तादांच्या नजरेखालीच राहतं. वॉटर पंपाच्या बोल्टला तुम्ही गुंडाळलेला दोरा बघून ते म्हणाले, मालकानं हातानं जपलीय गाडी. मला तिथंच भरून आलं.

५० वर्षांवरच्या गाड्यांना आता व्हिंटेजची वेगळी नोंदणी मिळते, पण ती घेतली की गाडी रोज वापरता येत नाही, रॅली नाहीतर प्रदर्शनापुरतीच. म्हणून मी आपलं साधंच पासिंग ठेवणार आहे. आपली गाडी नरसोबाच्या वाडीला जायला पाहिजे. पुढच्या सलग सीटवर मी तुमच्या दोघांच्या मध्ये, गिअर स्टिअरिंगला असल्यामुळे पायाला काही अडायचं नाही, आणि बाबा गिअर टाकताना माझा हात तुमच्या हाताखाली. येताना कवठाच्या बर्फीचा पुडा आईच्या मांडीवर. मला अजून तो वास येतो बघा.

तोवर तुमची कुठे अडचण होणार नाही. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या काकांशी बोललेय, डोळ्याच्या तपासणीला सोमवारी साडेनऊला येतील, परत आणूनही सोडतील. दूधवाल्याला शुक्रवारपासून सांगितलंय. आई, पोर्चमध्ये ऊन येतं तिथं तुझी वेताची खुर्ची ठेवलीये, गाडी येईपर्यंत पापडाला पण जागा झाली. पैशांचं विचारू नका, बोनस आलाय, त्यातनंच भागतंय.

आता ऐका. बाबा, एसटीत बसून उद्यमनगर गाठायचं नाही. ऑपरेशनला अजून महिनाही नाही झाला, वाकायचं नाही, बॅटरी उचलायची नाही, तोंडावर पाणी मारायचं नाही. ड्रॉप दिवसातनं चार वेळा, आई तू घड्याळ लावून घाल, ते विसरतात. वस्तादांचा नंबर देते पण संध्याकाळी सातनंतरच फोन करा, तोही एकदाच. गाडी आल्यावर पहिले हजार किलोमीटर चाळीस-पन्नासच्या वर न्यायची नाही आणि ५०० ला ऑइल बदलायचं, हे तुम्हीच मला शिकवलंय.

आणि बाबा, वस्ताद म्हणालेत इंजिन बांधून झालं की पहिला स्टार्ट मालकाच्या हातानंच. चोक किती ओढायचा ते त्यांनी मला विचारलं, मला कुठे येतंय सांगता. डॉक्टर हो म्हणाले की मी स्वतः येऊन तुम्हाला दोघांना घेऊन जाईन. किल्ली कपाटात आईच्या साड्यांखाली ठेवलीये, काढून ठेवा.

तुमची,
चिऊ