आईचा हात बघणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. मालवणच्या बाजारातल्या त्या छोट्या दातांच्या दवाखान्यात नंबर लावणाऱ्या, फोन उचलणाऱ्या आणि डॉक्टर काम करत असताना पेशंटच्या तोंडात पाण्याची नळी धरणाऱ्या तुम्ही, एवढं लिहिलं की तुम्हाला कळेल. मे महिन्याच्या सुट्टीत गावी आलेय, काल आईच्या कपाटात चष्मा शोधताना एक ब्रश सापडला, दांड्याला पांढरं गॉज गुंडाळलेलं, वर चिकटपट्टी, गॉज पिवळं पडलंय. आठ महिने झाले तरी तिने तो टाकलेला नाही. तो हातात घेतला आणि मला एकदम भरून आलं, म्हणून हे पत्र.

गेल्या चतुर्थीला मी घरी आले तेव्हा आई काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात वडा पार लगदा होईपर्यंत बुडवून ठेवत होती आणि तोही अर्धाच खाल्ला. विचारलं तर म्हणे भूक नाही. सकाळी मोरीवर तिने चूळ टाकली ती लाल होती. किती दिवस चाललंय विचारलं तर म्हणाली झालं की वरीस दीड वरीस. मी दर आठवड्याला फोन करते हो ताई, आणि एवढं वाढलंय हे मला माहीत नव्हतं.

त्याआधी आम्ही काही केलंच नाही असं नाही. मुंबईत एका मोठ्या दवाखान्यात तिला नेलं होतं, एसी, सोफे, सगळं. तिथल्या डॉक्टरांनी दोन मिनिटं तोंडात बघितलं आणि म्हणाले मशेरी लावता ना, मग असंच होणार. आईने मशेरी सोडून सहा वर्षं झाली होती. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, सुटता सुटत नाही, किती त्रासाने सोडली ते आम्ही घरच्यांनी बघितलंय, पहिले पंधरा दिवस तिचं डोकं दुखायचं, कशात लक्ष लागायचं नाही. तर त्या माणसाने एका वाक्यात तिची ती सगळी मेहनत पुसून टाकली. ती काही बोलली नाही, फक्त पदर तोंडावर घेऊन बसली, आणि गाडीत मला म्हणाली परत मला असल्या ठिकाणी आणू नको. मग गावातल्या दुकानदाराने सांगितलं हार्ड ब्रश घ्या, खसाखसा साफ होतं. तिने घेतला. आधीच दुखऱ्या हिरड्या आणि त्यावर तो काथ्यासारखा ब्रश. मीही शहाणपणा केला, बॅटरीचा महागातला ब्रश पाठवला. तो ब्रश वाईट नाही, जास्त दाबलं तर लाइट लागते, दांडा जाड असतो, कितीतरी म्हाताऱ्या माणसांना तो बरा पडतो. पण आईला ती तोंडातली गरगर सहनच झाली नाही, दुसऱ्या दिवशी डब्यात बंद.

तुमच्याकडे आलो तेव्हा डॉक्टरांनी दातांवरचा साठलेला दगड काढला, त्यांचेही आभार आहेतच, माणूस भला आहे. पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं. आम्ही निघालो होतो, मी पैसे देत होते, तेव्हा तुम्ही काउंटरमागून बाहेर आलात आणि आईला म्हणालात, "काकी, घरात ब्रश कसो धरतास ता माका दाखवा बघू." आईने धरून दाखवला. उलथणं धरतात तसा, अख्ख्या मुठीत. मला वाटलं आता तुम्हीही ओरडणार. तुम्ही तिचा हात तुमच्या हातात घेतलात, अंगठा आणि पहिली दोन बोटं हळू दाबून बघितलीत, आणि ती म्हणाली, "बोटां वळनत नाय गो." तुम्ही म्हणालात, मगे आदी सांगूक नाय? आणि आई म्हणाली, "कोणी इचारूकच नाय."

ताई, ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. तीस वर्षं काजू सोललेत त्या हातांनी, वर संधिवात. बारीक दांडा तिला चिमटीत धरताच यायचा नाही, म्हणून मूठ, आणि मुठीत धरला की माणूस जोर लावणारच, आडवं खसखसणारच, म्हणून हिरड्या खाली गेल्या, दाताच्या मुळाशी खाचा पडल्या, थंड पाणी लागलं की कळ. सगळ्यांनी तिच्या तोंडात बघितलं. मीसुद्धा. हाताकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

मग तुम्ही आत जाऊन गॉजची गुंडाळी आणलीत. अगदी मऊ, छोट्या डोक्याचा ब्रश घेतलात, त्याच्या दांड्याला गॉज गुंडाळत गेलात, मध्येच थांबून आईच्या हातात देऊन बघितलंत, अजून थोडं, परत द्या, अजून थोडं. बाहेर चार पेशंट बसलेले, फोन वाजत होता, तुम्ही उचलला नाहीत. शेवटी तो दांडा तिच्या बोटांत बसला, मूठ न वळवता. तेव्हा तुम्ही तिच्याच अंगठ्याच्या नखावर तो ब्रश टेकवलात, नख आणि कातडी जिथे मिळते बरोबर तिथे, तिरका, आणि जागच्या जागी जरा हलवलात. म्हणालात हे नख म्हणजे दात, ही कातडी म्हणजे हिरडी, घाण असते ती या सांध्यात, दाताच्या पाटीवर नाही. कातडी पांढरी पडली म्हणजे जोर जास्त झाला. "टोप घासतास तसे दात घासू नकात काकी." आणि आई हसली. दीड वर्षाने तोंड उघडून हसली ती.

नंतर मी वाचलं की ही पद्धत चार्ल्स बास नावाच्या अमेरिकन डॉक्टरांची, दातांचे डॉक्टरही नव्हते ते, फिजिशियन होते, 1940 च्या दशकात त्यांनी हेच सांगून ठेवलंय, ब्रश मऊ हवा, केसांची टोकं गोल हवीत आणि हिरडीच्या कडेला 45 अंशात धरायचा. म्हणजे एवढ्या वर्षांपासून माहीत असलेली गोष्ट, आणि आमच्यापर्यंत यायला तुम्ही लागलात. रक्त येतं म्हणून त्या जागेला ब्रश लावायचा टाळू नका, उलट तिथेच हळू लावा, कारण ती जागा अस्वच्छ राहते म्हणूनच रक्त येतं, हेही तुम्हीच सांगितलंत. आई नेमकं उलटं करत होती, दुखतं तो भाग सोडून बाकीचं घासायची.

आणि निघताना तुम्ही म्हणालात, गॉज चार दिवस टिकेल, भिजून वास मारायला लागेल, मग सायकलच्या मुठीचं रबर आणा आणि दांड्यावर चढवा, सैल झालं तर आत कापड भरा. भावाने त्याच संध्याकाळी आणलं. काळं रबर, खाचा असलेलं, हातातून सटकत नाही. धुता येतं, दर तीन महिन्यांनी ब्रश बदलला की नव्यावर चढवता येतं. ब्रश तीस चाळीस रुपयांचा, रबर त्याहून थोडं जास्त. बॅटरीच्या ब्रशला मी किती घातले ते लिहीत नाही.

दोन आठवड्यांत रक्त कमी झालं, महिन्याभरात जवळजवळ थांबलं. खाली गेलेली हिरडी परत वर येत नाही हे तुम्ही तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतंत, खोटी आशा लावली नाहीत, त्याचंही मला फार वाटतं. दातांमधल्या फटींसाठी तुम्ही दिलेला तो बाटली धुवायच्या ब्रशासारखा बारका ब्रशही ती रात्री वापरते, कधी कंटाळा करते, पण वापरते. आईला शुगर आहे, हिरड्या खराब राहिल्या की शुगर आवरणं कठीण जातं आणि शुगर वाढली की हिरड्या बिघडतात, हे आम्हाला आधी कोणी धड समजावलंच नव्हतं.

आपल्याकडे माणसं चांगली आहेत हो, मी कोकणातली आहे म्हणून म्हणत नाही. एसटीत बाजूला बसलेली बाई तुमचं पोर मांडीवर घेते, पावसात कोणीतरी अनोळखी माणूस पार घरापर्यंत सोडतो. पण कामाच्या ठिकाणी, आपल्या खुर्चीवर बसलं की तीच माणसं बदलतात, समोरचा म्हणजे पुढचा नंबर होतो. तुम्ही त्या खुर्चीवरून उठून बाहेर आलात. तुमचा पगार त्याने वाढला नसेल, डॉक्टरांनी सांगितलंही नसेल. दहा मिनिटं गेली असतील तुमची फार तर.

काल मी तो जुना गॉजवाला ब्रश दाखवून आईला विचारलं, हा टाकू का आता. तिने माझ्या हातातून घेतला, पुसला आणि परत कपाटात ठेवला. "ऱ्हवांदे," म्हणाली, "त्या चेडवान गुंडाळलेलो हा."

पुढच्या मंगळवारी तिला तपासायला आणतेय. यंदाची कोकमाची सोलं सुकवून झालीत, एक पिशवी तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवलीय तिने, नको म्हणू नका.

तुमच्या काकींची मुलगी