अंबाजोगाईला पत्र : पहाट, लांब धाव आणि शिणलेले पाय

बर्लिन,
१२ नोव्हेंबर

चि. महेशला ताई-दाजींचे अनेक आशीर्वाद. आई-दादांना आमचा साष्टांग नमस्कार सांग.

पत्रास कारण की, परवा फोनवर तू म्हणालास, "ताई, आता पहाटे उठूच वाटंना." मुंबईच्या ४२ किलोमीटरच्या मॅरेथॉन शर्यतीला नऊ आठवडे उरलेत आणि फोनवर सगळं नीट सांगून होत नाही, म्हणून दोघांनी बसून हे पत्र लिहिलं. तू पाठवलेली आठ आठवड्यांची नोंद ओळ न ओळ वाचली. आमचं मत असं, की तुझं मन उडालेलं नाही, तुझे पाय शिणलेत. शिणलेले पाय पहाटे पाच वाजता मनाच्या तोंडून बोलतात, एवढंच.

नोंदीत काय दिसतं ते बघ. मंगळवारी किलोमीटरला ६:०५ (म्हणजे ६ मिनिटं ५ सेकंद), गुरुवारी ६:००, शनिवारी ६:१०, रविवारच्या २२ किलोमीटरला ६:१२. तुझी अर्धी मॅरेथॉन (२१ किलोमीटर) २ तास ५ मिनिटांची, म्हणजे ५:५५ ची गती. आठवड्यातले चारही दिवस तू जवळजवळ शर्यतच पळतोयस. पहिले चार-पाच आठवडे हे खपतं, अंगात हुरूप असतो. सहाव्या-सातव्या आठवड्यात पायऱ्या चढताना मांड्या जड वाटतात, झोप मोडते, घरात चिडचिड होते आणि बूट दिसला तरी नको वाटतं. हे आळसाचं लक्षण नाही. दम आणि हृदय महिना-दीड महिन्यात तयार होतं, पण टाचेमागची जाड शीर, नडगीचं हाड, गुडघ्याभोवतीचे स्नायूबंध यांना कित्येक महिने लागतात. दम पुढं गेला आणि हाडं-शिरा मागं राहिल्या, की तिथूनच दुखणी निघतात.

म्हणून पहिला बदल हाच. साधी धाव आणि रविवारची लांब धाव ७:०० ते ७:३० च्या गतीनं. घड्याळापेक्षा तोंडावर भरवसा ठेव. पळता पळता एकोणीसचा पाढा मोठ्यानं, मध्ये न थांबता म्हणून बघ. "एकोणीस साते" पर्यंत येताना धाप लागली तर गती जास्त आहे, कमी कर. तुला हे लाजिरवाणं वाटेल, रस्त्यावर दूधवाला सायकलवरून पुढं जाईल. जाऊ दे. आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या अविनाश साबळेनं २०२० साली दिल्लीत अर्धी मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली, किलोमीटरला २:५२ ची गती. पण त्या पातळीचे धावपटू रोज शर्यतीच्या गतीनं पळत नाहीत. केनियाचे मॅरेथॉन धावपटू शर्यतीत तीन मिनिटांच्या आत किलोमीटर काढतात आणि साध्या दिवशी चार ते पाच मिनिटांनी पळतात. एकूण अंतराच्या पाचातले चार भाग सोपे, एक भाग कष्टाचा, एवढं प्रमाण धर.

कष्टाचा दिवस गुरुवार. २ किलोमीटर सावकाश, मग ५ किलोमीटर ५:४५ च्या गतीनं, मग २ किलोमीटर सावकाश. एक आठवडा सोडून या ऐवजी चढ घे. मुकुंदराजाच्या समाधीकडच्या रस्त्यावर साधारण मिनिटभराचा चढ निवड, सहा वेळा वर पळ आणि दर वेळी चालत खाली ये. उतारावर पळू नकोस, गुडघ्याला धक्का तिथंच बसतो. मंगळवारी १० किलोमीटर, शनिवारी ६, दोन्ही पाढ्याच्या गतीनं. बुधवारी पळणं बंद. त्या दिवशी ओट्याच्या कडेवर पुढच्या चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली करायच्या, एकेका पायावर १५ च्या तीन फेऱ्या. त्यानंतर बैठका आणि पाठीवर झोपून एका पायावर कंबर उचलणं, हेही तेवढंच. वीस मिनिटांत उरकतं, आणि हे टाळणाऱ्याच्याच नडग्या दुखतात असा आमच्या इथल्या पळणाऱ्या लोकांचा अनुभव आहे.

रविवारचं अंतर असं ठेव. येत्या रविवारी फक्त १४ किलोमीटर, हा विसावा आहे आणि तो घेतलाच पाहिजे. मग २४, २६, पुन्हा उतरून १८, मग २८, २०, ३०, २० आणि १२. त्यानंतर शर्यत. दाजींचं म्हणणं, ३० किलोमीटरच्या दिवशी साडेतीन तास झाले की अंतर कितीही राहिलेलं असो, थांबायचं. त्यापुढं शरीर कमावत काही नाही, नुसतं झिजतं, आणि ती झीज भरायला तीन आठवडे पुरत नाहीत. "एकदा ४० पळून बघू का" असं डिसेंबरात तुझ्या मनात येईल. बघू नकोस.

आता पहाटेचं. अंथरुणातून उठायच्या आधी मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोज आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिही, आई दुधाचं लिहिते तिथंच. तुझी नाडी एरवी ५८ च्या आसपास असते. सलग तीन दिवस ती ६४-६५ लागली तर त्या आठवड्यातला गुरुवार रद्द आणि रविवार निम्मा. नाडी नेहमीसारखी असेल आणि तरी उठवत नसेल, तर तो निव्वळ कंटाळा. त्याला एकच नियम लाव: घराबाहेर पडून दहा मिनिटं सावकाश पळायचं. दहा मिनिटांनीही अंग जड असेल तर खुशाल परत ये, आणि कॅलेंडरवर प्रामाणिकपणे "१० मि." लिही. बहुतेक दिवशी तू परत फिरणार नाहीस, कारण अंग तापायलाच तेवढा वेळ लागतो आणि अंथरुणात आपण थंड अंगाला प्रश्न विचारत असतो. कपडे, बूट, बॅटरी रात्रीच उशाशी ठेव. शनिवार-रविवार कुणाला तरी बसस्थानकासमोर पाच वाजता थांबायला सांग. तो तुझ्याहून हळू पळणारा असेल तर जास्त चांगलं. मोबाइलवर मित्रांच्या गती बघणं शर्यतीपर्यंत बंद कर. त्या बघूनच तुझा ७:१५ चा ६:०५ झालाय.

सुटलेली धाव भरून काढायची नाही. मंगळवार गेला तर गेला, बुधवारी दुप्पट पळणं म्हणजे गुरुवारही घालवणं. ताप असेल तर एक पाऊलही नको. तापात पळल्यानं हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. ताप उतरल्यावर दोन दिवस चाल, मग पळ.

आणखी एक. रब्बीला पाणी द्यायला तुला रात्रीची लाईट असते तेव्हा तू बारा-एकला शेतावर जातोस आणि पाचला पळायला निघतोस, हे नोंदीत लिहिलेलं नाही पण दादांनी सांगितलं. त्या आठवड्यात पहाटेची धाव संध्याकाळी साडेपाचला ने, आणि रविवारच्या आदल्या रात्री पाण्याच्या मोटारीचं काम दुसऱ्या कुणाकडं दे. सात तासांची झोप हा सरावाचाच भाग आहे. स्नायूंची डागडुजी झोपेत होते, पळताना नाही.

रस्त्याचं सांगते. काळ्या मातीची पाणंद ओली असताना टाळ, बुटाला लगदा चिकटून पाय निसटतो आणि घोटा मुरगळतो. मुरमाचा रस्ता सगळ्यात चांगला. डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेनं पळालास तर एक पाय कायम खाली पडतो आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येते. रस्ता मोकळा आणि उजेड असेल तेव्हा मधला सपाट भाग घे. पण आता कारखाने सुरू झालेत आणि उसाच्या ट्रॉल्यांना मागं लाल दिवा असेलच असं नाही. अंधारात उजव्या कडेनं, येणारं वाहन समोर दिसेल असं पळ, कपाळावर बॅटरी आणि अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट हवंच. या एका बाबतीत आईची काळजी रास्त आहे, तिच्याशी वाद घालू नकोस.

बूट ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात. तुझ्या बुटांचे ४२० झालेत, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवे घे आणि शर्यतीआधी त्यांत निदान ६०-७० किलोमीटर पळ. अंगठ्यापुढं बोटभर जागा हवी, नाहीतर नखं काळी पडतात. सुती बनियन घामानं जड होऊन छाती सोलते, त्यापेक्षा पॉलिस्टरचा टी-शर्ट बरा. काखेत, मांड्यांच्या आत आणि छातीवर व्हॅसलिन लाव; खोबरेल तेल तासाभरात जिरून जातं.

आता खाण्याचं, कारण ३० किलोमीटरनंतर माणसं बसतात ती बहुतेक इथंच चुकलेली असतात. तुझ्या ६५ किलो वजनाला ४२ किलोमीटरसाठी साधारण २,७०० कॅलरी लागतात. स्नायू आणि यकृतात मिळून साखरेचा साठा असतो जेमतेम २,००० चा. चरबी भरपूर असते, पण तिच्यातून ऊर्जा हळू निघते, आणि जितकं जोरात पळशील तितकी साखर जास्त जळते. म्हणून सुरुवातीला केलेली घाई शेवटी वसूल होते: पाय लाकडासारखे होतात, डोकं हलकं होतं, चिडचिड आणि रडू येतं. यावर उपाय वाटेत खाणं. तासाला ४०-४५ ग्रॅम साखर पोटात गेली पाहिजे, आणि सुरुवात भूक लागल्यावर नाही, चाळिसाव्या मिनिटाला.

पळताना खायची बाजारातली साखरेची जेल महाग पडते. घरचं असं कर: १ लिटर पाण्यात ६० ग्रॅम गूळ, सपाट पाव चमचा मीठ, एका लिंबाचा रस. गूळ विरघळला की दुपदरी फडक्यातून गाळ, नाहीतर कचकच घशात अडकते. यातलं अर्धा लिटर आणि तीन बिनबियांचे खजूर एका तासाला पुरतात. दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट आणि एक खजूर, बारीक चावून. जास्त गोड केलंस तर पाणी पोटातच साचून राहतं आणि डचमळतं. म्हणून "ताकद येते" म्हणून गूळ वाढवू नकोस. शेंगदाण्याची चिक्की पळताना नको, तेलकट पदार्थ पोटात रेंगाळतो. हे सगळं २४ किलोमीटरच्या रविवारपासून करायचं. पोटालाही सराव लागतो. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा खाल्लेला पदार्थ हमखास दगा देतो.

पाणी किती प्यावं हे वजनकाट्यावर ठरव. एक तास पळण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन कर. एक किलो घटलं म्हणजे एक लिटर घाम गेला. तेवढं सगळं पळताना भरून काढायचं नसतं, अर्ध्याहून थोडं जास्त पुरतं. शर्यतीत वाटेतल्या प्रत्येक पाण्याच्या टेबलावर थांबून नुसतं पाणी ढोसणं धोक्याचं आहे. रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस बेशुद्ध पडतो. पळून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर तू जास्त प्यालास. आणि दुखतंय म्हणून शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेऊ नकोस, मूत्रपिंडावर ताण येतो.

मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे भोगी आणि संक्रांतीच्या अगदी पाठोपाठ. भोगीची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी तुला किती आवडते ते आम्हाला माहीत आहे. त्या दिवशी पोटभर खा. पण शर्यतीच्या आधीचे दोन दिवस भाकरी, कडधान्य, ठेचा आणि कच्चं सॅलड पूर्ण बंद. त्या दोन दिवसांत भात, पोहे, बटाटा, केळी, तूप-गूळ-पोळी, एकेका दिवशी ५०० ग्रॅमच्या वर कर्बोदकं होतील इतकं. ताट डोळ्यांना मोठं दिसेल, वजन किलोभर वाढेल. ते साखरेसोबत साठलेलं पाणी असतं. तिळगूळ चालेल, वाटीभर नाही. शर्यतीच्या पहाटे अडीच तास आधी शेंगदाणे न घातलेले पोहे आणि एक केळ.

अंबाजोगाईच्या थंड कोरड्या पहाटेनंतर मुंबईची दमट हवा जड जाते, आणि तू संपवशील तेव्हा ऊन वर आलेलं असेल. म्हणून ४ जानेवारीपासून आठवड्यातल्या दोन साध्या धावा सकाळी नऊनंतर कर. अंगाला उन्हाची सवय व्हायला दहा-बारा दिवस लागतात.

गतीचं गणित दाजींनी मांडलंय: अर्ध्या मॅरेथॉनच्या वेळेची दुप्पट अधिक वीस मिनिटं, म्हणजे साडेचार तास. पहिले ५ किलोमीटर ३३ मिनिटांत. गर्दी, संगीत, दिवे यांत पाय आपोआप सुटतात, तिथं पाढा म्हण. त्यानंतर प्रत्येक ५ किलोमीटरला ३२ मिनिटं. अर्धं अंतर २ तास १६ मिनिटांना आलं पाहिजे. २:१० ला आलं तर आनंद मानू नकोस, लगेच गती कमी कर. ३० किलोमीटर ३ तास १३ मिनिटांना. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये येतो. तो पावलं आखूड करून चढ, चालावं लागलं तर चाल आणि माथ्यावर पुन्हा पळायला लाग. परभणीच्या ज्योती गवते यांनी २०१७ साली याच मुंबईत भारतीय महिलांमध्ये पहिला नंबर मिळवला, तेव्हा "आपल्याकडच्या लोकांचं हे काम नव्हे" असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांग.

गुडघ्याचं तू ओझरतं बोललास. पळायला लागल्यावर दुखतं आणि दहा मिनिटांनी थांबतं, तर अंतर एक आठवडा कमी करून भागतं. पण नडगीवर किंवा पावलाच्या हाडावर एका बोटानं दाबून नेमकं तेवढ्याच जागी दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला तडा असू शकतो. मग एकही किलोमीटर न पळता हाडाच्या डॉक्टरांकडं जायचं. शर्यत पुढच्या वर्षीही असते. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२ आणि डी जीवनसत्त्वही एकदा तपासून घे. आपल्या घरी मांसाहार नाही, आणि यातलं काही कमी असलं तरी पहाटे असंच "उठूच वाटंना" होतं.

इथं साडेचारलाच अंधार पडायला लागलाय. घरी सगळे कसे आहात ते लिही. दादांच्या गुडघ्याला आईचा लेप लावणं चालू असू दे. रविवारच्या १४ किलोमीटरची नोंद पाठव, आणि त्यात आम्हाला प्रत्येक किलोमीटरपुढं सातचा आकडा दिसायला हवा.

तुझे,
ताई आणि दाजी