काका, माझ्या गिटारीचं लाकूड तुम्ही वाचवलंत

काका,

अशोक चौकातल्या तुमच्या दुकानात मी गिटार घेऊन आलो, तेव्हा माझं ठरलं होतं: मागून लाकूड कोरायचं आणि आत प्रीॲम्प, म्हणजे सूर केबलमध्ये जाण्याआधी त्याला जोर देणारं छोटं सर्किट, बसवायचा. सुताराशी बोलणंही झालं होतं. लांब केबल लावली की गिटारीचे वरचे सूर बोथट होतात, त्यावर मला दुसरा इलाज दिसत नव्हता. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, "कोरलेलं लाकूड परत येत नाही की ओ. आधी मोजू."

यंत्रमागांची पॅनेलं दुरुस्त करणारे तुम्ही, गिटार पहिल्यांदाच उघडत होतात. तरी गिऱ्हाईक थांबवून मोजत बसलात. पिकगार्डखालची, म्हणजे गिटारीच्या पुढच्या झाकणाखालची, खाच जेमतेम ३८ मिमी खोल, आणि आवाज-सूर कमीजास्त करणाऱ्या २४ मिमीच्या तीन पॉटनी ती भरलेली. तुम्ही १६ मिमीचे पॉट घातलेत. सर्किटची पट्टी कानशीनं घासून अरुंद केलीत. आयसीचा, म्हणजे सर्किटमधल्या चिपचा, बेस काढून आयसी थेट सोल्डर केलीत. त्यात जे तीन-चार मिलिमीटर वाचले, त्यांवरच पिकगार्ड सपाट बसलं.

खरी अडचण सेलची होती. नऊ व्होल्टचा चौकोनी सेल, ४८.५ × २६.५ × १७.५ मिमी, त्या खाचेत जाईचना. तो तुम्ही तारांचा सूर पकडणाऱ्या दोन पिकअपांच्या मधल्या पोकळीत फोममध्ये गुंडाळून आडवा ठेवलात. पण तिथला सेल बदलायचा म्हणजे तारा सैल करा, अकरा स्क्रू काढा. म्हणून सेल जास्त टिकावा यासाठी टीएल०७२ या आयसीऐवजी टीएल०६२ लावलीत: पाय तेच, वीज २.८ मिलिॲम्पिअरऐवजी ०.४. थोडी सळसळ वाढेल, हे आधीच सांगितलंत. मला हा सौदा पूर्ण पटला.

केबल खोचायचा जॅक स्टिरिओ घातलात, म्हणजे केबल काढली की सेल आपोआप बंद. त्याचा तिसरा पाय तांब्याच्या पट्टीला टेकून शॉर्ट होत होता. तो सापडेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले, तुम्ही शटर अर्धं ओढून काम चालूच ठेवलंत. पैसे घेतलेत ते फक्त पॉट, जॅक आणि आयसीचे.

सुताराला नको म्हणून कळवलं. सहा मीटरच्या केबलवरही पातळ तार आता स्वच्छ वाजते. दुकानात तुम्ही मीटर लावूनच तपासलंत, वाजताना ती ऐकलीच नाहीत. रविवारी संध्याकाळी ॲम्प घेऊन येतो.

तुमचा आभारी,
गिटारवाला पोरगा