झेंडा एकाचा, मालक भलताच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१९५८ चा कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा व्यापारी नौवहन कायदा आला. भारतीय झेंड्याखाली जास्त जहाजं यावीत म्हणून नोंदणीच्या अटी सैल झाल्या. चांगलंच झालं. पण आमच्या दापोली-गुहागरची पोरं चढतात ती बहुतेक परक्या झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या जहाजांवर, त्यांचं काय?

मी २८ वर्षं जहाजावर फिटर होतो. नावाखाली मोनरोव्हिया (लायबेरियाची राजधानी) लिहिलेल्या जहाजांवर उमेदीची वर्षं गेली, पण लायबेरियाचा किनारा कधी दिसला नाही. लायबेरिया आणि मार्शल बेटं, दोन्हींच्या जहाज नोंदणीचा कारभार अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून चालतो! झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या, मॅनेजर तिसऱ्या. अशा झेंड्यांखाली चांगल्या कंपन्याही आहेत, माझा पगार कधी बुडाला नाही. पण बुडाला असता तर कुणाचं दार ठोठावणार होतो?

माझा पुतण्या शारजाच्या अँकरेजवर (जहाजं नांगर टाकून थांबतात त्या जागी) सात महिने अडकला होता. जनरेटर दिवसातून दोन तास. एसीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरून पोरं अंघोळ करत. त्याने फोटो पाठवला, त्यात जहाजाच्या मागच्या बाजूला नव्या रंगाखालून जुन्या नावाची वेल्डिंगची अक्षरं वर आलेली दिसत होती. नोकरी लावणारा एजंट वहिनीला म्हणाला, मालकाशी बोला. मालक सापडेना. झेंड्याच्या देशाने ईमेलला उत्तर दिलं नाही. खलाशांना वाऱ्यावर सोडलं तर चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार विम्यातून मिळावा असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्या जहाजाचा विमाच संपलेला होता.

ही एका घराची गोष्ट नव्हे. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये जगभरात ३,१३३ खलाशांना असं सोडून दिलं गेलं. त्यांत ८९९ भारतीय होते, इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त.

परक्या झेंड्यावर आपला कायदा चालत नाही, हे मान्य. पण पोरगा साइन ऑन होतो, म्हणजे जहाजावर कामाला लागतो, तो इथल्या परवानाधारक एजंटमार्फत, आणि परवाना देणारं नौवहन महासंचालनालय मुंबईतच आहे. जहाजाचं नाव बदलतं, झेंडा बदलतो, पण जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक, म्हणजे आयएमओ क्रमांक, बदलत नाही. तो क्रमांक टाकला की खरा मालक, विमा कंपनी आणि विम्याची मुदत मराठी-हिंदीत दिसेल अशी सोय महासंचालनालयाने करावी. विमा चालू नसेल तर पोराला विमानात बसू देऊ नये. आणि मालक पळाला तर थकलेला पगार एजंटने भरावा, ही अट परवान्यातच घालावी.

– एक निवृत्त फिटर, दापोली (जि. रत्नागिरी)