ऑर्डरचं विचारणार नव्हतो

वडगाव, बेळगाव
रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

राणी चन्नम्मा गाडीत बसवून दिलं तेव्हा खिडकीतून तू धड बोलली नाहीस. फोनवर मला निम्मंच ऐकू येतं, म्हणून लिहायला बसलो.

आदल्या रात्री जेवताना मी कायमच्या ऑर्डरचं काढलं, ते तुला लागलं. पण मामा विचारतो, गल्लीत विचारतात, पोरगी बेंगळूरला कॉन्व्हेंटात नाटक शिकवते, नोकरी कायम आहे काय? मी काय सांगू? वर्षावर्षाचा करार. मे महिना आला की तुझाही जीव टांगणीला आणि आमचाही. असू दे. यावर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

दहावीचा नाटकाचा तास काढून गणिताला दिला म्हणून तू नोकरीच सोडते म्हणालीस. रागाच्या भरात सोडू नको. सिस्टरांकडे जा, शांतपणे बोल. तूच मला वाचून दाखवलं होतंस की, कॅथलिकांतल्या जेझुइट संघाच्या फादरांनी १५४८ साली सिसिलीत मेस्सिनाला शाळा काढली आणि १५९९ च्या त्यांच्या नियमांत शाळेतल्या नाटकांचंही लिहून ठेवलं. विषय देवाधर्माचा, भाषा लॅटिन, बाईचं सोंग नाही. फ्रेंच नाटककार मोलिएर त्यांच्याच पॅरिसच्या शाळेत शिकला. म्हणजे नाटक ही गॅदरिंगपुरती हौस नव्हती. पोरानं चारचौघांत उभं राहून नीट बोलावं, हा तिथला अभ्यासच होता. सिस्टरांना हे परकं नाही, त्यांच्याच घरचं आहे. आणि आपल्या मातीतलंही सांग. विष्णुदास भाव्यांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून १८४३ साली सांगलीत मराठी नाटक उभं केलं. त्याच साली आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. सीमेवरच्या पोरांना नाटक शिकवायला आणखी कुणाची परवानगी पाहिजे?

मला मात्र यातलं सगळ्यात आधी आठवतं ते तुझं वेरोनिकाचं काम. तू सहावीत होतीस. गुड फ्रायडेच्या आधी शाळेत क्रुसाच्या वाटेचं, म्हणजे येशू क्रूस वाहून नेतो त्याचं, नाटक होतं आणि तुझ्या वाट्याला एकही वाक्य नाही म्हणून रडत घरी आलीस. आई म्हणाली, आपल्याला कशाला ते, नाव काढून घे. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी तुला समजावलं. ही बाई बायबलात नाही, पण त्या वाटेच्या सहाव्या ठिकाणी शिपायांना न भिता पुढं येते आणि मार खाल्लेल्या माणसाचं तोंड पुसते. तू बोलायचं नाहीस, त्याच्याकडं बघायचंस. मी मागावरचा पांढऱ्या कापडाचा तुकडा कापून दिला. तू तालीम केलीस आज्जीवर. एका बाजूनं पडलेली ती, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची, तू आधी तिच्या डोळ्यांत बघायचीस, मग हनुवटीला हात लावून हळू पुसायचीस. घाई केलीस की आज्जी मान फिरवायची. नाटक झालं, बाकीच्या पोरी विसरल्या, तू आज्जी जाईपर्यंत ते काम कुणाला करू दिलं नाहीस. गणितानं हे झालं असतं काय, तूच सांग.

आणि तुझा आवाज. मागांच्या खडखडाटात वाढलेली पोर, घरात बोलणं म्हणजे ओरडणंच. घशातून नको, पोटातून काढ, असं सर शिकवायचे आणि तू पोटावर हात ठेवून कांड्या भरताना पाठ म्हणायचीस. दहावीच्या गॅदरिंगला मी शेवटच्या रांगेत होतो. कान तेव्हाच अधू झाले होते. तुझं वाक्यन् वाक्य ऐकू आलं, तेही कन्नडमधलं. शेजारच्या माणसाला मी सांगितलं, ती माझी मुलगी.

म्हणूनच भीती वाटते गं. इतकं चांगलं येणाऱ्या माणसाला दर मे महिन्यात दारात उभं राहून 'पुढच्या वर्षी आहे ना' असं विचारावं लागतं. पीएफ कापतात काय? पगाराची पावती देतात काय? तोंडी बोलण्यावर राहू नको, कागद मागून घे. उद्या आजारी पडलीस तर? परत शिकवायला लागलो बघ. रागावू नको. माग बंद पडलेले दिवस तू लहानपणी बघितलेस, आईचे दागिने कुठं गेले तेही तुला माहीत आहे. त्यामुळं माझ्या तोंडात सारखं तेच येतं.

दहावीचा तास गेला तरी आठवी-नववीचे आहेत ना? ते हातचे जाऊ देऊ नको. शाळा सुटल्यावर अर्धा तास मागून बघ.

कुंदा डब्यात तळाला ठेवलाय, प्रवासात फुटला नसेल तर बरोबरच्या टीचरांनाही दे.

मामा गुरुवारी येतोय. बँकेच्या नोकरीच्या फॉर्मचं तो काढणारच. तुला भरायचा नसेल तर नाही म्हणून मी सांगेन, तू मध्ये पडू नको. फक्त यंदाचा करार किती महिन्यांचा आहे तेवढं लिहून पाठव, म्हणजे त्याच्यासमोर मला बोलता येईल.

तुझा,
अप्पा